अवंतीचे आकाश (लेखांक ७) : ताऱ्याच्या पत्रिकेतले ग्रह

उज्जैनच्या उत्तरेला क्षिप्रेच्या काठी मंगळनाथाचे देऊळ आहे. मत्स्यपुराणाच्या आधारे ही मंगळाची जन्मभूमी मानतात. पत्रिकेत मंगळ निघाला आणि सोयरीक अडली, की आईवडील मुलामुलीला घेऊन इथे भातपूजेला येतात. त्यात मराठी कुटुंबेही असतात. शहराच्या दुसऱ्या अंगाला, जयसिंहपुऱ्यात, सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. एकाच गावात ग्रहांची शांतही होते आणि ग्रहांचे वेधही घेतले जातात.

माणसावर ग्रहांचा परिणाम होतो का, हा वाद या लेखमालेत आपण घालणार नाही. गेल्या आठवड्यात वेधशाळेतली सम्राट यंत्र, नाडीवलय यंत्र, भित्ती यंत्र ही मंडळी पाहून झाली. आज प्रश्न वेगळा आहे. ग्रह ज्या ताऱ्याभोवती फिरतात, त्या ताऱ्यावर त्यांचा काही परिणाम होतो का? तारा कसा फिरेल, कसा तापेल, कसा म्हातारा होईल, यात ग्रहांना काही बोलता येते का? तीस वर्षांपूर्वी खगोलशास्त्रज्ञांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला असता. आज त्याचे उत्तर मिलिसेकंदांत मोजून देता येते.

आधी घरचा हिशेब

सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानापैकी ९९.८६ टक्के एकट्या सूर्यात आहे. उरलेल्यातला सिंहाचा वाटा गुरूचा, आणि तो गुरूसुद्धा सूर्याच्या जेमतेम हजाराव्या हिश्श्याएवढा. तरी हा गुरू सूर्याला हलवतो. दोघे ज्या सामाईक मध्याभोवती फिरतात, तो सूर्याच्या केंद्रापासून सुमारे ७ लाख ४२ हजार किलोमीटरवर येतो. सूर्याची त्रिज्या आहे ६ लाख ९६ हजार किलोमीटर. म्हणजे हा मध्य सूर्याच्या अंगाबाहेर पडतो. गुरूची एक फेरी होईतो, सुमारे बारा वर्षे, सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने डोलत राहतो. दूरच्या ताऱ्यांचे असे डोलणे टिपूनच पहिले परग्रह सापडले.

पण नुसत्या डोलण्याने ताऱ्याच्या पोटात काही बदलत नाही. त्यासाठी भरती यावी लागते. ग्रह ताऱ्याची जवळची बाजू जास्त जोराने ओढतो आणि पलीकडची कमी; त्या फरकाने तारा दोन्ही बाजूंना किंचित फुगतो. चंद्रामुळे समुद्र फुगतो त्यातलाच हा प्रकार. भरतीचा जोर ग्रहाच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो, आणि अंतर वाढले की त्याच्या घनाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झाले तर भरती एक अष्टमांश उरते. या सगळ्या विषयाची किल्ली या घनात आहे.

हे सूत्र आपल्या ग्रहांना लावून पाहिले तर मजेशीर क्रम लागतो. सूर्यावर सर्वांत मोठी भरती आणतो गुरू. त्याच्या अगदी पाठोपाठ शुक्र. लहान असला तरी तो जवळ आहे. मग पृथ्वी आणि बुध जवळजवळ बरोबरीने, गुरूच्या निम्म्याहून कमी. शनीचा वाटा गुरूच्या विसाव्या हिश्श्याएवढा, आणि मंगळाचा पंचाहत्तराव्या. पत्रिकेत ज्या दोघांची सर्वांत जास्त धास्ती घेतली जाते, ते शनी-मंगळ सूर्याच्या लेखी नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांत सर्वांत दुबळे आहेत.

आणि पहिल्या नंबरच्या गुरूची तरी मजल किती? चौदा लाख किलोमीटर व्यासाच्या सूर्यावर त्याने उठवलेला फुगवटा एक मिलिमीटरही भरत नाही. तरीसुद्धा सूर्यावरच्या डागांचे साधारण ११ वर्षांचे चक्र ग्रहांच्या तालावर चालत असावे, ही कल्पना फार जुनी आहे. स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वुल्फ यांनी ती १८५९ मध्येच मांडली होती, आणि अधूनमधून कोणी ना कोणी ती पुन्हा पुढे आणतो. अडचण अशी, की गुरूची फेरी ११.८६ वर्षांची. डागांचे चक्र सरासरी अकराच्या आसपास धरले, तर सहा-सात चक्रांत दोघांची चाल पूर्ण उलटी होते. शुक्र, पृथ्वी आणि गुरू यांची बेरीज जमवून काही संशोधक ताळमेळ साधू पाहतात, पण बहुतेक सौरशास्त्रज्ञांना तो पटलेला नाही. तात्पर्य, आपल्या सूर्यावर आज ग्रहांची फारशी मात्रा चालत नाही. याचे कारण ग्रहांच्या दुबळेपणात नाही, अंतरात आहे.

सव्वीस तासांचे वर्ष

सारथी तारकासमूहात, सुमारे १,४०० प्रकाशवर्षांवर, वास्प-१२ नावाचा तारा आहे. २००८ मध्ये त्याच्याभोवती वास्प-१२बी हा ग्रह सापडला. वजनाने तो गुरूच्या दीडपट आणि व्यासाने जवळजवळ दुप्पट. त्याचे वर्ष २६ तासांचे आहे. ताऱ्यापासून त्याचे अंतर अवघे ३५ लाख किलोमीटर. आपला बुधसुद्धा सूर्यापासून सरासरी ५ कोटी ७९ लाख किलोमीटरवर असतो. गुरू सूर्यापासून ७८ कोटी किलोमीटरवर आहे. अंतराचे हे गुणोत्तर सव्वादोनशेच्या घरात जाते. त्याचा घन केला, तर या ग्रहाची ताऱ्यावरची भरती गुरूच्या भरतीच्या कोटीपटीहून जास्त होते. मिलिमीटरही न भरणारा फुगवटा इथे हिशेबाने चाळीस-साठ किलोमीटर उंच उठतो. खुद्द ग्रह तर ओढाताणीने अंड्याच्या आकाराचा झाला आहे.

अशा ग्रहांना ‘तप्त गुरू’ म्हणतात, आणि असा एक तप्त गुरू आपल्या देशाच्या नावावर आहे. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने २०१९ मध्ये देशोदेशी एकेक तारा आणि ग्रह नामकरणासाठी दिला. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ हा तारा आला. त्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून ‘बिभा’ हे नाव मिळाले, आणि ग्रहाला ‘संतमस’. ग्रहाचे नाव पुण्यातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने सुचवले होते. संतमसाचे वर्ष दोन दिवस आणि तीनेक तासांचे.

आता भरती ताऱ्याचे काय करते ते पाहू. चंद्र दर वर्षी पृथ्वीपासून ३.८ सेंटिमीटर लांब जातो, हे आपण वाचलेले असते. पृथ्वी चोवीस तासांत फिरते, चंद्र महिनाभर घेतो. पृथ्वी वेगाने फिरत असल्याने भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो, आणि तो पुढचा फुगवटा चंद्राला पुढे खेचतो. त्यामुळे चंद्राची कक्षा रुंदावते आणि पृथ्वीचे फिरणे मंदावते.

तप्त गुरूंच्या बाबतीत गणित उलटे आहे. ग्रह दिवसा-दोन दिवसांत फेरी मारतो, आणि ताऱ्याला स्वतःभोवती फिरायला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागतात. त्यामुळे फुगवटा ग्रहाच्या मागे रेंगाळतो आणि ग्रहाला मागे खेचतो. ग्रहाची कक्षा आक्रसते. कक्षेतला कोनीय संवेग ताऱ्यात जातो आणि ताऱ्याच्या फिरण्याचा वेग वाढतो. भरतीच्या घर्षणाने ताऱ्याचे अंगही थोडे तापते. ग्रह देतो, तारा घेतो. व्यवहार एकतर्फी आहे.

याचा एक परिणाम असा, की ताऱ्याचे वय ओळखायला फसगत होते. सूर्यासारखे तारे तरुणपणी वेगाने फिरतात आणि वय वाढेल तसे मंदावतात. त्यामुळे फिरण्याच्या वेगावरून वयाचा अंदाज बांधायची पद्धत आहे. एचडी १८९७३३ या ताऱ्याला २.२ दिवसांत फिरणारा तप्त गुरू आहे, आणि एक लहान लाल बटू ताराही जोडीला आहे. जोडीतले दोघे बरोबर जन्मलेले, म्हणून दोघांचे वय सारखे निघायला हवे. पण ग्रह असलेला तारा जास्त वेगाने फिरतो आणि क्ष-किरणांत जास्त तळपतो. तो तरुण वाटतो, जोडीदार म्हातारा. ग्रहाने ताऱ्याला वेग देऊन त्याचे वय झाकले आहे, असे स्पष्टीकरण २०१४ मध्ये पुढे आले. ग्रह असलेल्या ताऱ्याचे वय नुसत्या फिरण्यावरून काढू नये, हा त्यातला धडा.

भरतीखेरीज दुसरी वाट चुंबकत्वाची. एचआयपी ६७५२२ हा तारा अवघा १.७ कोटी वर्षांचा आहे. ताऱ्यांच्या हिशेबात तो पाळण्यातच आहे. त्याचा एक ग्रह सात दिवसांत फेरी मारतो. या ताऱ्यावर टिपलेल्या १५ ज्वाला जवळपास सगळ्या ग्रह आपल्या बाजूला असतानाच उसळलेल्या निघाल्या. ग्रह चुंबकीय रेषांना छेडतो आणि ताऱ्यावर स्फोट होतात, असे २०२५ च्या जुलैमध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधात मांडले आहे. त्या ज्वालांनी ग्रहाचेच वातावरण उडून जाते. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे ग्रहही असतात.

पंचांगवाल्यांची युक्ती

वास्प-१२बी ताऱ्यात पडतो आहे, हे कोणी पाहिले? पाहिले नाही, मोजले. आणि ज्या पद्धतीने मोजले, ती मराठी माणसाला परकी नाही.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले. पुढे तीनशेहून जास्त वर्षे महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगे त्यावरून निघत. ग्रंथ इतका सुटसुटीत, की मोठमोठ्या कोष्टकांशिवाय ग्रह काढता येत. पण त्यात धरलेल्या गतींत बारीक फरक होता. एका वर्षात तो जाणवत नसे. शतके गेली तसा साठत गेला. गणिताने आलेली स्थिती आणि आकाशात दिसणारी स्थिती यांचे जमेना. मग केरो लक्ष्मण छत्रे यांनी नवी कोष्टके केली आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग सुरू झाले. उज्जैनमध्येही हीच धडपड होती. मोडकळीस आलेल्या वेधशाळेचा ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये जीर्णोद्धार केला. तिचे अधीक्षक झालेले गोविंद सदाशिव आपटे हे मराठी गणिती. पंचांगाचे गणित दृक्प्रत्ययाला उतरावे म्हणून त्यांनी ‘सर्वानंदकरण’ हा ग्रंथ लिहिला. वेधशाळा आजही वर्षाची ग्रहस्थिती छापून काढते.

परग्रहांच्या अभ्यासकांनी नेमके हेच केले. वास्प-१२बी ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने उतरतो. हे अधिक्रमण कधी होणार याचे कोष्टक करायचे, आणि प्रत्यक्ष वेळेशी ताडून पाहायचे. ग्रहाचा प्रदक्षिणाकाळ दर वर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी घटतो, म्हणजे सेकंदाच्या तीन शतांशांनी. एवढे एका फेरीत कोणत्याही दुर्बिणीला कळणार नाही. पण वर्षाला सुमारे ३३५ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा जराशी लवकर संपते, आणि वाचलेला वेळ साठत जातो. पहिल्या वर्षाअखेर ग्रह पाच सेकंद आधी येतो, पाच वर्षांनी दोन मिनिटे आधी, दहा वर्षांनी आठ मिनिटे आधी.

ग्रहलाघवाच्या आणि इथल्या फरकात एक मुद्द्याचे अंतर आहे. गती मुळात चुकीची धरली असेल, तर फरक सरळ वाढतो. वर्षे दुप्पट, फरक दुप्पट. गतीच बदलत असेल, तर फरक वर्गाने वाढतो. वर्षे दुप्पट, फरक चौपट. वास्प-१२बीच्या वेळा आलेखावर मांडल्या तेव्हा रेषा वाकली. पोलंडच्या मात्सिएयेव्स्की आणि सहकाऱ्यांनी हे वाकणे २०१६ मध्ये दाखवले.

तरी शंका उरतेच. कक्षा किंचित लंबगोल असेल आणि ती स्वतःच हळूहळू वळत असेल, तरीही वेळा काही काळ लवकर येऊ शकतात. हे दोन पर्याय वेगळे कसे करायचे? ग्रह ताऱ्याच्या समोरून जातो, तसा मागूनही जातो. कक्षा वळत असेल, तर समोरची वेळ लवकर येताना मागची वेळ उशिरा येईल. कक्षा खरोखर आक्रसत असेल, तर दोन्ही वेळा लवकर येतील. २०२० मध्ये प्रिन्स्टनच्या सॅम्युअल यी यांच्या गटाने हिशेब मिटवला: दोन्ही वेळा लवकर येत होत्या. ग्रहाला तीसेक लाख वर्षांची मुदत आहे. ताऱ्याच्या आयुष्यात तेवढा काळ म्हणजे काहीच नाही.

तारा म्हातारपणाकडे झुकला की हे प्रकरण आणखी पेटते. फुगलेल्या ताऱ्यावर भरती जास्त येते, आणि ग्रह त्याच्या अंगाच्या जवळ येतो. केप्लर-१६५८ हा असाच उतरणीला लागलेला तारा. त्याच्या ग्रहाचा काळ वर्षाला १३१ मिलिसेकंदांनी घटतो, हे २०२२ मध्ये श्रेयस विस्साप्रगडा आणि सहकाऱ्यांनी दाखवले. आपल्याकडे अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची दुर्बीण आणि ‘पारस’ हा वर्णपटमापक आहे. त्यावरून २०२१ मध्ये जाहीर झालेला टीओआय-१७८९ चा ग्रहही याच वाटेवरचा आहे: तारा सूर्याच्या दीडपट वजनाचा आणि वयस्क, ग्रहाची फेरी ३.२ दिवसांची.

मे २०२०: एक तारा जेवला

कक्षा आक्रसत आक्रसत शेवटी काय होते, हे २०२० पर्यंत फक्त कागदावर होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात गरुड तारकासमूहात, सुमारे १२,००० प्रकाशवर्षांवर, एक तारा दहाच दिवसांत शंभरपटीने उजळला आणि मग मंदावत गेला. कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावरच्या झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटीने तो टिपला. एका छायाचित्रात ४७ चौरस अंश आकाश घेणारा हा कॅमेरा. त्याच्या उभारणीचे नेतृत्व केले श्रीनिवास कुलकर्णी यांनी. कुलकर्णी १९५६ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मले. २०२४ चे खगोलशास्त्राचे शॉ पारितोषिक त्यांना मिळाले. या घटनेचा छडा लावणाऱ्या गटाचे म्होरके किशलय दे. त्यांच्या सहलेखकांत कुलकर्णी, विराज करंबेळकर आणि उज्जैनपासून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या इंदूरला जन्मलेल्या मानसी कासलीवाल आहेत.

छडा लागायला वेळ लागला, कारण लक्षणे जुळत नव्हती. दोन तारे एकमेकांचे वायू ओढतात तेव्हा तापलेला हायड्रोजन आणि हेलियम दिसायला हवा. इथे वर्णपटात दिसले रेणू, आणि रेणू थंडाव्यातच टिकतात. दोन तारे एकमेकांत मिसळले असावेत, असे धरले, तर बाहेर पडलेली ऊर्जा फारच कमी भरत होती. तशा विलयांच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढी. मग गणित सरळ झाले. ताऱ्यात पडलेली वस्तू ताऱ्याच्या हजाराव्या हिश्श्याच्या वजनाची असणार. सूर्याच्या मानाने गुरू तेवढाच. ताऱ्याने गुरूएवढा किंवा त्याच्या काही पट मोठा ग्रह गिळला होता. निबंध ३ मे २०२३ ला ‘नेचर’मध्ये आला.

आधी सगळ्यांनी धरले, की म्हातारा तारा फुगला आणि त्याने ग्रहाला कवेत घेतले. एप्रिल २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीचे निकाल आले आणि कथा बदलली. तारा तेवढा तेजस्वी नव्हता, म्हणजे तो फुगलेलाच नव्हता. ग्रहच घिरट्या घालत जवळ येत गेला आणि शेवटी ताऱ्याच्या वातावरणाला घासून आत पडला. वास्प-१२बीचे जे होणार आहे तेच. ताऱ्याभोवती आता तप्त वायूचे कडे आणि बाहेर थंड धुळीचे आवरण उरले आहे.

पचलेल्या ग्रहांची खूण

असे जेवण ऐन वेळी दिसणे विरळाच. पण जेवून झालेल्या ताऱ्यांच्या अंगावर खूण राहते. सूर्यासारख्या ताऱ्यात सारखा ढवळला जाणारा भाग फक्त वरचा असतो. सूर्याच्या त्रिज्येचा बाहेरचा तीस टक्के भाग ढवळतो, पण वजनाने तो सूर्याच्या दोन टक्केच, साधारण साडेसहा हजार पृथ्व्यांएवढा. त्यातला जवळजवळ सगळा माल हायड्रोजन आणि हेलियम. बाकी सगळी मूलद्रव्ये मिळून शंभरेक पृथ्व्यांएवढी. यात पाच-दहा पृथ्व्यांएवढा खडक पडला, तर लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन लक्षात येण्याजोगे वाढते. रांजणभर पाण्यात चिमूटभर कुंकू दिसणार नाही, तांब्याभर पाण्यात दिसेल, तसेच हे.

ही वाढ ओळखायला जुळे भाऊ लागतात. एकाच ढगातून जन्मलेल्या ताऱ्यांची रसायने सारखी असायला हवीत. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३५० प्रकाशवर्षांवर अशी एक जोडी आहे. तिच्यातल्या एका ताऱ्यात खडकातली मूलद्रव्ये भरपूर जास्त निघाली. त्याने १५ पृथ्व्यांएवढा खडक गिळला असावा, असा २०१७ मध्ये हिशेब निघाला. ग्रीक पुराणात स्वतःची मुले गिळणाऱ्या क्रोनोसचे नाव त्या ताऱ्याला मिळाले. २०२४ मध्ये फॅन लिऊ आणि सहकाऱ्यांनी अशा ९१ जोड्या तपासल्या; साधारण आठ टक्के जोड्यांत, म्हणजे बारांत एकीत, ग्रह गिळल्याची लक्षणे सापडली.

सगळ्याच खुणा मात्र ग्रहांच्या नावावर टाकता येत नाहीत. काही लाल राक्षसी ताऱ्यांत लिथियम प्रमाणाबाहेर सापडते. तारा लिथियम जाळून टाकतो, ग्रह ते जपून ठेवतो, म्हणून हे ताऱ्याने गिळलेल्या ग्रहाचे असणार, असा एक जुना तर्क. भरत कुमार, बंगळूरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतले ईश्वर रेड्डी आणि सहकारी यांनी २०२० मध्ये दाखवले, की सूर्याएवढ्या वजनाचे तारे हेलियम पेटण्याच्या टप्प्यावर स्वतःच लिथियम तयार करतात, आणि हे सगळ्यांच्याच बाबतीत घडते. म्हणजे वाढलेले लिथियम दिसले, की लगेच ग्रहावर आळ घेता येत नाही.

उलट दिशेची खूणही आहे, आणि ती थेट आपल्या सूर्यावर. २००९ मध्ये होर्खे मेलेंदेझ यांच्या गटाने सूर्याची तुलना त्याच्यासारख्याच ११ ताऱ्यांशी केली. सूर्यात खडक बनवणारी मूलद्रव्ये, बाष्परूपात सहज राहणाऱ्या मूलद्रव्यांच्या मानाने सुमारे वीस टक्के कमी निघाली. ती गेली कुठे? एक म्हणणे असे, की सूर्य जन्मत होता तेव्हा बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ घडवण्यात ती अडकली. दुसरे म्हणणे, बूथ आणि ओवेन यांचे, २०२० सालचे: गुरू लवकर वाढला, त्याने आपल्या कक्षेबाहेरची धूळ अडवली, आणि ती सूर्यापर्यंत पोचलीच नाही. वाद मिटलेला नाही. पण यातले काहीही खरे ठरले, तरी आपल्या ग्रहांनी सूर्याच्या घडणीत हात घातला होता, आणि तोही सूर्य बालवयात असताना.

मग निकाल काय?

ताऱ्याचे आयुष्य किती, तो किती तापणार, शेवटी श्वेत बटू होणार की स्फोट, हे त्याचे वस्तुमान ठरवते. त्यात ग्रहांना मत नाही. पण तो किती वेगाने फिरेल, त्यावर किती ज्वाला उसळतील, त्याच्या वरच्या थरात काय मिसळलेले असेल, हे जवळचा किंवा गिळलेला ग्रह बदलू शकतो, आणि बदलतोही. वस्तुमान पत्रिका मांडते. ग्रह तिच्यावर शेरे मारतात. शेऱ्यांचे वजन अंतराच्या घनाने ठरते.

आपल्या सूर्याचीही पाळी येणार आहे. सुमारे पाच अब्ज वर्षांनी तो फुगू लागेल आणि शेवटी आजच्या दोनशेपटीहून मोठा होईल. बुध आणि शुक्र त्यात जातील. पृथ्वीबद्दल दोन शक्ती एकमेकींविरुद्ध आहेत: सूर्याचे वजन घटत गेल्याने पृथ्वीची कक्षा रुंदावेल, पण फुगलेल्या सूर्यावरची भरती तिला आत ओढेल. श्रोडर आणि स्मिथ यांच्या २००८ च्या गणितात भरती जिंकते. गुरू बचावतो. सूर्यमालेतल्या कोनीय संवेगाचा साठेक टक्के वाटा त्याच्या कक्षेत आहे, सूर्याकडे एक टक्काही नाही. एखाद्या ताऱ्याच्या पदरात असा गुरू पडला, तर तो तारा म्हातारपणीही गरगर फिरू लागतो.

या लेखांकातले एक मोजमाप वाचकांना स्वतः करता येण्याजोगे आहे. वास्प-१२ अकराव्या-बाराव्या प्रतीचा तारा आहे. डिसेंबर-जानेवारीत सारथी रात्रभर आकाशात असतो. आठ इंची दुर्बीण आणि त्याला जोडता येणारा कॅमेरा असेल, तर सुमारे तीन तासांचे ते अधिक्रमण टिपता येते. २००८ चा प्रदक्षिणाकाळ अचूक धरून आजची वेळ काढली, तर ग्रह त्या वेळेच्या पंचवीसेक मिनिटे आधी आलेला दिसेल. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना असे वेध घ्यायला शिकवते आहे. मुंबईत खगोल मंडळ आहे. आपल्या गावच्या मंडळाने या हिवाळ्यात एक रात्र या ग्रहासाठी ठेवावी आणि मिळालेली वेळ आमच्याकडे पाठवावी. पुढच्या लेखांकात श्वेत बटूंकडे वळू: मेलेल्या ताऱ्यांच्या अंगावर ग्रहांचा चुरा कसा सापडतो, ते पाहू.